पुढं कोण आहे?

सायकल शर्यतीच्या वाटेवर उभा असलेला माणूस निवेदकाला एकच प्रश्न विचारतो : पुढं कोण आहे? प्रश्न रास्त आहे. तो कामधंदा बाजूला ठेवून उन्हात येऊन थांबलेला असतो, पोराला खांद्यावर घेतलेलं असतं आणि त्याच्यासमोरून पन्नास-साठ सायकली एका झपाट्यात निघून गेलेल्या असतात. माईक माझ्या हातात, म्हणजे उत्तर मीच द्यायचं. पण रस्त्यावर पुढं कोण, वेळेत पुढं कोण आणि गुणांत पुढं कोण, या तिन्हींची उत्तरं पुष्कळदा वेगळी असतात. ती उलगडून सांगेपर्यंत घोळका पुढच्या गावाच्या वेशीवर पोचलेला असतो.

शंभर मीटरच्या धावण्याला निवेदक नसला तरी चालतं. जो पुढे दिसतो तो पुढे असतो, पट्टी संपली की शर्यत संपते. माझं काम मात्र बहुतेक अशाच शर्यतींच्या कडेला झालं, जिथे डोळ्यांना दिसणारा क्रम एक असतो आणि शर्यतीचा क्रम दुसरा. लोक कंटाळून पांगतात तेव्हा आयोजकांच्या तंबूत दोन कारणं हमखास ऐकू येतात : खेळ लांबलचक आहे आणि आपल्या लोकांना त्यातलं कळत नाही. ही दोन्ही कारणं मला कधीच पटली नाहीत. यात्रेत दिवसभर मातीत बसून सेकंदाच्या शंभराव्या भागावर वाद घालणारे लोक मी पाहिलेले आहेत. त्यांच्याविषयी पुढे सांगतोच.

आधी रस्त्यावरची शर्यत. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांच्या आधी चढून येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. खंडाळ्याच्या माथ्यावर जमलेल्या माणसाला हे चटकन समजतं, कारण चढ सगळ्यांना ठाऊक आहे, दम लागणं ठाऊक आहे, आणि पहिला येणारा समोर दिसतो. तो टाळ्या वाजवतो, नाव विचारतो, घरी जातो. पण शर्यत पुण्यात संपायची असते. घाटात जीव काढलेला मुलगा लोणावळ्याच्या पुढच्या सपाटीवर एकटा सापडतो आणि मागून दहा-बारा जणांची टोळी आळीपाळीने पुढे येत त्याला गाठते. माथ्यावरच्या माणसाला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात भलतंच नाव दिसतं आणि त्याला वाटतं, आपल्याला कोणीतरी चुकीचं सांगितलं. त्याने पाहिलेलं खरंच होतं. शर्यतीचा त्याच्या वाट्याला आलेला तुकडा तेवढाच होता.

त्यात वाऱ्याची भर. ताशी चाळीस किलोमीटरने सायकल मारताना ताकदीचा मोठा हिस्सा हवा कापण्यात खर्च होतो. पुढच्याच्या चाकाला चाक लावून राहणाऱ्याला त्यापेक्षा खूपच कमी जोर लावावा लागतो. त्यामुळे जो नाकासमोर पुढे दिसतो तो बऱ्याचदा राबणारा असतो, आणि जिंकणारा तिसऱ्या-चौथ्या जागी मान खाली घालून बसलेला असतो. कोणी आपल्याच संघातल्या वेगवान गड्यासाठी वारा अंगावर घेत असतो, कोणी मुद्दाम पुढे न जाता दुसऱ्या संघाला दमवत असतो. पळण्याच्या शर्यतीतही डावपेच असतात, पण तिथे धावणाऱ्याचा चेहरा, खांदे, पावलं काहीतरी बोलतात. सायकलवर वाकलेल्या पाठी आणि घोळक्यातली वळवळ पाहून नवख्याला काय उमगणार? सगळ्यांत मोठी घडामोड कधी कधी अशी असते की एकजण पेडल मारायचं थांबवतो.

अंतिम रेषेवर माईक घेऊन उभं राहणाऱ्या निवेदकालाही शर्यत दिसत नाही, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. बरोबर गेलेल्या मोटारसायकलीवरून फोन येतो, ‘तिघं सुटलेत, पावणेदोन मिनिटं आहेत’. मग घाटात रेंज जाते. पुढचा अर्धा तास तेवढ्या एका वाक्यावर गर्दी धरून ठेवायची. मी अशा वेळी त्या तिघांबद्दल बोलतो. कोण कुठल्या गावचा, सांगलीचा की नाशिकचा, घाटात चांगला की स्प्रिंटमध्ये, मागच्या घोळक्यात त्याच्या संघाचे किती जण आहेत. ही माहिती आदल्या संध्याकाळी मुलांच्या मुक्कामाच्या ठिकाणी बसून गोळा करावी लागते. हे काम करणारे निवेदक कमी आहेत, आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण चार-चार तास सायकल मारून आलेल्या मुलाला शेवटी फक्त पाठीवरच्या क्रमांकाने पुकारलं जातं.

मी सगळ्यात जास्त विचार केला तो बालेवाडीच्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकलींच्या खास ट्रॅकवर. तिथे तर सगळी शर्यत नजरेसमोर असते. घाट नाही, रेंजची अडचण नाही, स्वार पुन्हा पुन्हा समोरून जातात. तरी पॉइंट्स रेस सुरू झाली की दहाव्या मिनिटाला प्रेक्षक एकमेकांकडे बघायला लागतात.

नियम असे. ठरावीक फेऱ्यांनंतर घंटा वाजते, त्या स्प्रिंटला पहिल्या चौघांना पाच, तीन, दोन, एक असे गुण. शेवटच्या स्प्रिंटला ते दुप्पट. शिवाय जो सगळ्या घोळक्याला एक पूर्ण फेरी टाकेल त्याला वीस गुण, आणि जो एक फेरी मागे पडेल त्याचे वीस वजा. आता समजा लाल हेल्मेटवाल्याने सुरुवातीपासून स्प्रिंट मारून अठरा गुण केले आहेत. तो सतत पुढे दिसतो, लोकांना तोच आवडू लागलेला असतो. निळ्या हेल्मेटवाल्याचे फक्त चार. मग निळा सुटतो, एकटा पाऊण ट्रॅक पुढे जातो, आणि फेऱ्यामागून फेऱ्या झिजत अखेर घोळक्याच्या शेपटाला येऊन चिकटतो. त्या क्षणी त्याचे चोवीस होतात. तो आता शर्यतीत पहिला आहे. पण गॅलरीतून पाहणाऱ्याला काय दिसतं? इतका वेळ एकटा पुढे असलेला मुलगा आता सगळ्यांच्या मागे, शेवटून पहिला, धापा टाकतोय. ज्या घडीला त्याने शर्यत फिरवली, नेमक्या त्याच घडीला तो हरल्यासारखा दिसतो. माझ्या माहितीत इतका सुंदर आणि प्रेक्षकासाठी इतका निर्दय क्षण दुसऱ्या कुठल्या खेळात नाही.

इंडिव्हिज्युअल पर्सूटचं निराळं. त्यात दोघेच असतात, पुरुषांसाठी चार किलोमीटर, नियम लहान मुलालाही सांगता येतो. पण दोघे ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंवरून सुटतात. न्यायाच्या दृष्टीने हे अगदी चोख आहे, कोणाला कोणाचा आडोसा मिळत नाही. मात्र दोघांमधलं अंतर अर्ध्या ट्रॅकचं. अर्ध्या सेकंदाची आघाडी मान इकडून तिकडे वळवेपर्यंत हरवते. बीजिंगच्या २००८ च्या ऑलिंपिकनंतर ही शर्यत ऑलिंपिकमधून गेली आणि ट्रॅकवरची जुनी माणसं हळहळली. मीही हळहळलो. फळ्यावर प्रत्येक अर्ध्या फेरीला फक्त ‘अमुक पुढे, इतक्या दशांश सेकंदांनी’ एवढं मोठ्या अक्षरांत आलं तरी ही शर्यत श्वास रोखून बघण्यासारखी होते, हे मी गॅलरीत अनुभवलेलं आहे.

प्रेक्षकाला नेमका आकडा लागतो, ही समज मला ट्रॅकवर आली नाही. ती बैलगाड्यांच्या घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या धावपट्टीवर आली.

माझ्या उमेदवारीच्या काळात खेड तालुक्यातले एक जुने निवेदक होते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या भागातल्या यात्रांमध्ये घाटात एका वेळी एकच गाडा पळतो. पुढे घोडी, मागे बैल, आणि बारीचा, म्हणजे त्या एका पळण्याचा, निकाल काही सेकंदांत. दोन गाडे शेजारी शेजारी कधी धावतच नाहीत. सातारा-सांगलीकडे छकडे एकत्र सुटतात, आखलेल्या तासांतून, म्हणजे पट्ट्यांतून. गट, सेमीफायनल, फायनल, आणि पुढे कोण ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. त्या हिशेबाने बघितलं तर पुणे जिल्ह्यातला घाट प्रेक्षकाला जड जायला हवा. सकाळी नऊला पळालेला गाडा आणि दुपारी तीनला पळालेला गाडा यांची चुरस डोळ्यांनी लावायची कशी? तरी तिथे झाडांवर माणसं चढलेली असतात.

अण्णा काय करायचे ते मी जवळ उभा राहून पाहत असे. गाडा जुंपला जात असतानाच ते मालकाचं आणि गावाचं नाव घ्यायचे, कुठला बैल कोणाकडून आला ते सांगायचे, आणि मग त्या क्षणापर्यंतचा सर्वांत कमी वेळ पुकारायचे. निशाण पडलं की ‘भिर्रर्र’, आणि पुढचे काही सेकंद ते गप्प. घड्याळाचा आकडा येईपर्यंत हजारो माणसं त्यांच्याबरोबर गप्प. मी एकदा विचारलं, ‘अण्णा, तुम्ही बारी चालू असताना बोलत का नाही?’ ते म्हणाले, ‘आरं, गाडा सुटायच्या आदी सांगायचं किती सेकंदांत आला पायजे. मग मान्सं आपापल्या मनात मोजत्यात. आल्यावर आकडा सांगून काय उपेग? तवा त्यो नुसता आकडाच ऱ्हातो.’

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. घाट ओस पडले. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या वर्षांत अण्णांच्या हातात माईक नव्हता, म्हणून मी त्यांना सायकलींकडे घेऊन येऊ लागलो. बैलांच्या हालांबद्दल जे आक्षेप घेतले गेले ते गंभीर होते आणि अण्णाही ते झटकून टाकत नसत. चाबकाने किंवा टोचणीने पळवलेला बैल त्यांना कधीच मान्य नव्हता. पण शर्यत बघायची त्यांची भूक मात्र जात नव्हती. बालेवाडीला त्यांनी पहिली पॉइंट्स रेस बघितली आणि संपल्यावर मला म्हणाले, ‘पोरं लई दमदार हैत. पन त्या निळ्या टोपीवाल्याला किती पायजे व्हते, ते मला आदी कोनीच सांगितलं नाय.’

किती पाहिजे ते आधी कळलं की काय होतं, हे मोठ्या खेळात पाहायचं असेल तर १९८९ ची तूर द फ्रान्स आठवावी. मी ती नंतर चित्रफितीवर पाहिली, आणि पुन्हा पुन्हा पाहिली. शेवटचा टप्पा व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरचा, एकेकट्याने घड्याळाविरुद्ध मारायचा. प्रेक्षकाला सर्वांत अवघड जाणारा प्रकार हाच, कारण स्वार दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुटतात आणि एकमेकांसमोर येतच नाहीत. फ्रान्सचा लोरां फिन्यों अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडपेक्षा पन्नास सेकंदांनी पुढे होता. लेमाँडने आपल्याला वाटेतली वेळ सांगू नका असं संघाच्या गाडीला बजावलं होतं. तो २६ मिनिटं ५७ सेकंदांत आला. मग शाँझेलिझेवर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला पुढचं काम काय ते ठाऊक होतं : घड्याळाकडे बघायचं. फिन्योंला २७ मिनिटं ४७ सेकंदांच्या आत यायचं होतं. तो अजून रस्त्यावर असताना ती वेळ उलटून गेली. अठ्ठावन्न सेकंद गमावून तो आठ सेकंदांनी तूर हरला. इतक्या कमी फरकाने ही शर्यत कधीच हरली गेलेली नाही. तीन हजारांहून जास्त किलोमीटरची शर्यत, आणि तिचा कळस म्हणजे मोकळा रस्ता आणि चालणारं घड्याळ. कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

तूरवाल्यांनी प्रेक्षकाची अडचण फार लवकर ओळखली, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. एकूण वेळेत पुढे असलेला स्वार घोळक्यात कुठेही लपलेला असू शकतो, म्हणून १९ जुलै १९१९ ला ग्रनोबलमध्ये युजेन क्रिस्तोफच्या अंगावर पिवळी जर्सी चढवली गेली. स्पर्धा भरवणारं ‘लोतो’ हे वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापलं जायचं, तोच रंग. त्याआधीच्या सोळा वर्षांत कडेच्या माणसाने नेत्याला ओळखायचं तरी कसं? गुणांसाठीची हिरवी जर्सी १९५३ ला आली. डोंगराचा राजा १९३३ पासून ठरत होता, पण त्याला लाल ठिपक्यांची जर्सी मिळायला १९७५ उजाडलं. आणि मला सर्वांत आवडतो तो पाटीवाला. मोटारसायकलवर मागे बसून एका फळ्यावर खडूने वेळेचा फरक लिहायचा आणि तो स्वारांना दाखवायचा, एवढंच त्याचं काम. रेडिओ आले, कानात बोलणारी यंत्रं आली, तरी पाटी राहिली. अंतिम रेषेवरचे निवेदक दानिएल मांजास यांनी सुमारे चाळीस वर्षं ते काम केलं, आणि शेकडो स्वारांची कुळकथा त्यांना तोंडपाठ असे.

समुद्रावर तर पाटीही लावता येत नाही. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही, ती नागमोडी चढत जाते. एक होडी डावीकडे, दुसरी उजवीकडे, मधे अर्धा मैल पाणी. बोयापासून जवळ कोण ते मोजायचं वाऱ्याच्या दिशेने, आणि वारा जरा फिरला की मागची पुढे होते. किनाऱ्यावरून हे दिसणं जवळजवळ अशक्य. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल गटात सुवर्णपदक मिळवलं, ते आपल्या दारातल्या पाण्यावर. तरी या शहरातल्या किती जणांना ते आठवतं? २०१३ च्या अमेरिकाज कपमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला स्टॅन हनी यांच्या चमूने दूरचित्रवाणीवर पाण्यावर रेषा आखून दाखवल्या. कोण किती मीटर पुढे ते माझ्यासारख्या डोंगरकडच्या माणसालाही दिसू लागलं. ऑरॅकलचा संघ ८-१ असा मागे पडून ९-८ ने जिंकला, ती मालिका मी पहाटे उठून पाहिली. रेषा नसत्या तर मी ती पाहिली नसती, हे मला नक्की माहीत आहे.

पण सगळं श्रेय रेषांना देता येत नाही. रेस अक्रॉस अमेरिका ही पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत आहे. तिच्यात बघण्यासारखं काहीच नसतं. नकाशावर एक ठिपका सरकतो. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन हे भाऊ दोघांच्या गटात उतरले आणि २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे अमित समर्थ यांनी एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत ती पुरी केली. त्या दिवसांत सायकलीशी काडीचा संबंध नसलेली माणसं मला फोन करून विचारत होती, ठिपका चार तास हलला नाही, काय झालं असेल? तो झोपला असेल, असं मी सांगायचो. मग ते मुदतीचा हिशेब मांडायचे, उरलेले मैल भागिले उरलेले तास. समोर धड चित्र नाही, प्रतिस्पर्धी नाही, पण माणूस ओळखीचा आणि त्याला अजून किती पाहिजे ते ठाऊक. तेवढ्यावर लोक रात्री जागले.

हल्ली मी शर्यतीआधी पंचांशी बोलून एक गोष्ट मागून घेतो : प्रत्येक स्प्रिंटनंतर पहिल्या तिघांचे गुण पुढच्या घंटेच्या आत माझ्या हातात. ते मिळाले की घंटेआधी मी सांगतो, लाल अठरावर आहे, निळ्याला फेरी टाकायला पाऊण ट्रॅक उरला आहे, त्याने शेपूट गाठलं की तो पहिला होणार, शेपटाकडे लक्ष ठेवा. आणि मग गप्प बसतो. निळा घोळक्याला चिकटला की आता गॅलरीतून आवाज उठतो, मी काही बोलायच्या आधीच.

मॅडिसन मात्र अजून मला पेलवत नाही. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवरून नाव पडलेली ही जोड्यांची शर्यत. एका वेळी जोडीतला एकच स्वार शर्यतीत असतो, दुसरा वरच्या अंगाने हळूहळू फिरत दम घेतो, आणि धावत्या सायकलवरून हात धरून एकजण दुसऱ्याला शर्यतीत भिरकावतो. वर पॉइंट्स रेससारखे गुण आणि फेऱ्या आहेतच. २०००, २००४ आणि २००८ च्या ऑलिंपिकमध्ये होती, मग गेली, टोकियोला परत आली, महिलांसाठीही. ट्रॅकवर अर्धे स्वार शर्यतीत आणि अर्धे शर्यतीबाहेर, आणि थोड्या थोड्या वेळाने ते बदलणार. एका सहकाऱ्याचं म्हणणं आहे की फक्त आघाडीच्या दोन जोड्या धरायच्या आणि बाकीच्यांचं नावच घ्यायचं नाही. मला ते मान्य नाही. मागच्या जोडीतली पोरंही तेवढ्याच लांबून आलेली असतात, आणि त्यांचे आई-वडील गॅलरीत बसलेले असतात. मी दोन फळे मागितले आहेत, एकावर गुण आणि दुसऱ्यावर कोणाला किती हवेत ते. आयोजकांनी पहिला दिला आहे. दुसऱ्यासाठी मी अजून भांडतो आहे, आणि अण्णांनी खडू धरायचं कबूल केलं आहे.